समुद्र आधी की शिखर आधी?

हवाईच्या बिग आयलंडवरचा आजचा दिवस किलाउएआ इकीच्या विवरात गेला. १९५९ साली जिथे लाव्हारसाचे तळे उसळत होते, त्याच्या थिजलेल्या काळ्या पाठीवरून आम्ही चाललो. एका भेगेपाशी हात नेला तेव्हा उबदार, ओलसर वाफ बोटांना लागली आणि थोड्याच अंतरावर दुसऱ्या फटीत ओहियाचे कोवळे रोप लाल फुलासह उभे होते. तिथून पाय निघेना.

संध्याकाळी मात्र पुढची आखणी मोडावी लागली, कारण कोनाच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंग करून दुसऱ्या दिवशी पहाटेच ४,२०७ मीटर उंचीच्या मौना केआवर जायचे आम्ही ठरवले होते. डायव्हिंगनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि त्याआधीच विरळ हवेत गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकते, म्हणून किमान २४ तास थांबावे लागते. हे आधीच नीट वाचायला हवे होते. आता शिखर आधी. वाटेत सुमारे २,८०० मीटरवरच्या पर्यटक माहिती केंद्रापाशी अर्धा तास थांबून शरीराला उंचीची सवय होऊ देणार आहोत. समुद्र त्यानंतर, आणि परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा.