होल्टर एकदाच लावायचा होता

मार्चअखेरीस माझ्या छातीत काहीतरी उडी मारायला लागलं. जेवून सोफ्यावर टेकलं की धप्प, मग क्षणभर शांतता, मग एक दणदणीत ठोका. ईसीजी नॉर्मल आला. येणारच, तो दहा सेकंदांचा, आणि उडी काही सांगून येत नाही. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही ठीक. मग डॉक्टरांनी होल्टर लिहून दिला, म्हणजे चोवीस तासांचा ईसीजी.

इथवर सगळं आठवडाभरात झालं. पुढचे तीन आठवडे एका स्टिकरपायी गेले.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला, विभाग बंद व्हायच्या वेळी मला आत घेतलं. टेक्निशियनचं एक लक्ष घड्याळाकडे. छातीवरचे केस न काढताच स्पिरिटचा बोळा फिरवून स्टिकर चिकटवले, गळ्यात डबी अडकवली आणि "उद्या याच वेळी या." पुण्यातला एप्रिल. रात्री अकराला दोन स्टिकर लोंबायला लागले. मी ते घरातल्या चिकटपट्टीने दाबून बसवले आणि स्वतःवर खूश झालो.

पाच दिवसांनी रिपोर्ट आणायला गेलो तर म्हणे, रेकॉर्डिंग खराब आहे, परत लावावा लागेल. बरं, लावा. तर बिलिंगला पाठवलं. तिथे पुन्हा अडीच हजार!

"सर, पेशंटने इलेक्ट्रोड काढले असं दाखवतंय."

"काढले नाहीत हो, पडले."

"सिस्टीममध्ये 'पडले' असा ऑप्शन नाहीये."

सुपरवायझर जेवायला गेलेले. ते आले, तर सही विभागप्रमुखांची लागणार. ते सोमवारी. सोमवारी ते आले, तर मूळ पावती हवी. ती फाइलला जोडलेली आणि फाइल रेकॉर्ड रूममध्ये. त्या खिडकीसमोर उभं राहून मला नक्की वीस-पंचवीस उड्या आल्या असतील आणि नेमकी तेव्हा डबी गळ्यात नव्हती. शेवटी पैसे भरले. परताव्याचा अर्ज दिला, त्यावर शिक्का मारून घेतला. (पावतीचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा.)

दुसऱ्यांदा होल्टर लावणाऱ्या ताई निवांत होत्या. रेझर फिरवला, खरखरीत कापडाने कातडी घासली आणि बोलता बोलता कारणही सांगितलं. हृदयाच्या पेशीच्या आत-बाहेर शंभरेक मिलिव्होल्टचा खेळ चालतो, पण कातडीपर्यंत पोचेतो त्यातला जेमतेम एक उरतो. मध्ये केस, घाम, तेल आलं की तोही बुडाला. म्हणून आदल्या दिवशी छाती साफ करा, अंघोळ करूनच जा, पावडर लावू नका. शुक्रवार संध्याकाळ तर घेऊच नका.

डबीचं ओझं वाटतंय म्हटल्यावर ताई हसल्या. अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टरचं पहिलं यंत्र पाठीवर वागवायचं होतं, सुमारे 38 किलोचं. मी गप्प बसलो.

रिपोर्टमध्ये दिवसभराचे 1,02,000 ठोके आणि त्यात 900 आगाऊ. उडी जाणवली की वेळ वहीत लिहायची होती, मी लिहिलेले फक्त चौदा! डॉक्टरांनी पट्टीवर बोट ठेवून दाखवलं. ठोक्याचा हुकूम वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडने द्यायचा, पण खालच्या कप्प्यातली एखादी पेशी पाळी यायच्या आधीच बोलून मोकळी होते. मग खरा हुकूम येतो तेव्हा स्नायू अजून सावरलेला नसतो, तो फुकट जातो. तेवढ्या वेळात हृदय जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका दणदणीत. म्हणजे काळजाचा ठोका चुकतच नव्हता, घाई करत होता. एको चांगला असल्यामुळे औषध नाही. कॉफी कमी करा, झोप वाढवा, सहा महिन्यांनी या.

हो, वहीत वेळ लिहिताना घड्याळ डबीच्या वेळेशी जुळवून घ्या, माझं सात मिनिटं पुढे होतं. आणि त्या दिवशी आजाऱ्यासारखं पडून राहू नका, रोजचे जिने चढा. चक्कर येऊन पडलात किंवा छातीत दुखलं तर मात्र होल्टरची तारीख बघत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

परताव्याचा अर्ज 'प्रोसेसमध्ये' आहे. काल फोन केला तर नवीन मुलगी म्हणाली, "सर, इलेक्ट्रोड तुम्ही काढले होते ना?"