बाकीचे शंभर कुठायत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. म्हणजे तुम्ही एकट्यांनीच नाही, तळजाईच्या टेकडीवर रोज सकाळी दोघंतिघं तरी विचारतात, लिफ्टमधले काका विचारतात, परवा सिग्नलला एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काय साहेब, बाकीचे शंभर कुठायत?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच हसला आणि सिग्नल सुटला. डालमेशियन, म्हणजे तो पांढऱ्यावर काळे ठिपकेवाला कुत्रा, पाळलात की हा जोक फुकट मिळतो, रोज, आयुष्यभर. आणि जोक मारून झाला की दुसरा प्रश्न ठरलेला, तो डिस्नेचा १०१ डालमेशियनचा पिक्चर आवडतो म्हणूनच घेतलात का हो?

नाही. पिक्चर आवडतो हे खरं, पण हा आमच्याकडे आला तो दुसऱ्यांना नको झाला म्हणून. नाव पोंगो, पिक्चरमधल्या बाप कुत्र्याचं, नावासकटच आला, ठिपकेवाला कुत्रा म्हणलं की लोकांना दुसरं नाव सुचतच नाही. आई त्याला पोंगापंडित म्हणते. आधीच्या घरच्यांनी देताना कारण एकच सांगितलं, "हा ऐकतच नाही." हाका मारा, ओरडा, ढिम्म. ट्रेनर लावून झाला म्हणाले, आणि बहुतेक फटकेही देऊन झाले असणार कारण पेपरची गुंडाळी हातात दिसली की तो अजूनही अंग चोरतो.

आठएक दिवसांनी रॅकमधून ताटांची चळत ओट्यावर कोसळली. मी बाहेरच्या खोलीत दचकलो, शेजारच्या फ्लॅटमधलं बाळ रडायला लागलं, आणि पोंगो किचनच्या दारातच पाठ करून झोपला होता, त्याच्या कानाची पाळीसुद्धा हलली नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की त्या लोकांनी अगदी अक्षरशः खरं सांगितलं होतं. ऐकतच नाही.

डॉक्टरांनी मागे उभं राहून टाळ्या वाजवून बघितल्या, किल्ल्या वाजवून बघितल्या, म्हणाले दोन्ही कान नाहीत, जन्मापासून, या जातीत असतं हे. नंतर वाचलं तर खरंच असतं. अमेरिकेत हजारो डालमेशियनचे कान तपासलेत, त्यात १०० तले साधारण ८ दोन्ही कानांनी बहिरे आणि वर २२ एका कानाने. कारण त्यांच्या रंगातच आहे. कानाच्या आतल्या भागात रंगाच्या पेशी लागतात, त्या नसल्या तर जन्मानंतर काही आठवड्यांत ऐकण्याच्या पेशी मरून जातात, आणि डालमेशियनला जो जीन इतकं पांढरं शुभ्र करतो तोच या पेशी तिथे पोचू देत नाही. म्हणजे ज्या पांढऱ्यावर ते ठिपके उठून दिसतात, ते पांढरंच नडतं.

तर पिक्चर. वॉल्ट डिस्नेचा, १९६१ चा, 'वन हंड्रेड अँड वन डालमेशियन्स', कार्टूनवाला, नंतर आला तो खऱ्या कुत्र्यांचा नाही. लहानपणी कॅसेट लायब्ररीतून आणून बघितलेला, इंग्लिश अर्धं कळायचं नाही पण क्रुएला आली की मी सोफ्याच्या मागे. विसरला असाल तर गोष्ट अशी की लंडनमध्ये पोंगो आणि पर्डिटा या जोडप्याला १५ पिल्लं होतात, क्रुएला डे व्हिल नावाच्या बाईला त्यांच्या कातड्याचा कोट शिवायचाय, ती पिल्लं पळवते, आईबाप शोधत जातात तर तिथे आणखी ८४ पिल्लं, तीही कोटासाठीच जमवलेली. ९९ अधिक दोन, झाले १०१.

मागच्या पावसाळ्यात, बाहेर धो धो, फिरायला नेणं शक्य नाही, म्हणून हा पिक्चर पुन्हा लावला, पोंगो शेजारी. आणि पहिल्या दहा मिनिटांत जे लहानपणी अजिबात दिसलं नव्हतं ते दिसलं, रेषा. पेन्सिलच्या रेषा, खरबरीत, काही ठिकाणी एकावर एक दोनदा ओढलेल्या, तशाच पडद्यावर. मी पोटापाण्यासाठी चित्रंच काढतो, त्यामुळे माझं लक्ष गोष्टीवरून उडालंच. झालं असं होतं की त्याआधीच्या १९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'ने ६० लाख डॉलर खाल्ले आणि ते तेव्हा वसूल झाले नाहीत. मग डिस्नेच्या जुन्या सहकाऱ्याने, अब आयवर्क्सने, झेरॉक्सचं तंत्र ॲनिमेशनला जुळवून घेतलं, ॲनिमेटरचं पेन्सिलचं चित्र थेट सेलवर, म्हणजे ज्या पारदर्शक कागदावर चित्र रंगवून कॅमेऱ्याखाली ठेवतात त्याच्यावर. त्याआधी प्रत्येक चित्र शाईने हाताने गिरवलं जायचं आणि ते काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या, अत्यंत सफाईच्या हाताच्या, त्यातल्या बऱ्याच जणींची कामं गेली. हे कुठल्याही कौतुकाच्या लेखात एका ओळीत उरकतात, मीही उरकतोच आहे. वॉल्ट डिस्नेला स्वतःला ही खरबरीत रेषा आवडली नव्हती. मला विचाराल तर पिक्चर जिवंत राहिलाय तो त्या रेषेमुळेच. मार्क डेव्हिस या ॲनिमेटरने काढलेली क्रुएला बघा, ते हाडकुळे खांदे, तो फरचा ढगळ कोट, सिगारेटचा पिवळा-हिरवा धूर, ती खोलीत शिरते आणि खोलीच अंग चोरून घेते.

आणि झेरॉक्स नसतं तर हे ठिपके परवडलेच नसते. स्टुडिओने तेव्हा हिशोब सांगितला होता, अख्ख्या पिक्चरमध्ये मिळून ६४,६९,९५२ ठिपके, पोंगोच्या अंगावर ७२, पर्डिटाच्या ६८, प्रत्येक पिल्लावर ३२. मी आमच्या पोंगोचे मोजायला बसलो होतो एकदा, एका बाजूला ११० पर्यंत गेलो आणि त्याने कूस बदलली.

आता खरी गोष्ट. पोलीस काही करत नाहीत तेव्हा पिक्चरमधला पोंगो संध्याकाळी लंडनमधल्या प्रिमरोज हिल या टेकडीवर जाऊन भुंकतो. ते नुसतं भुंकणं नाही, निरोप आहे. हॅम्पस्टेडचा एक ग्रेट डेन उत्तर देतो, तो पुढे, मग पुढचा, गल्लीबोळातून, दुकानातून, लंडनबाहेर गावाकडे. लहानपणी हा सीन मला प्रचंड आवडायचा, कारण रात्री आमच्या वाड्याबाहेरही हेच चालायचं आणि मला पक्कं वाटायचं की तेही काहीतरी महत्त्वाचंच कळवतायत. यावेळी मात्र मी स्क्रीनकडे कमी आणि शेजारी जास्त बघत होतो. सगळं लंडन भुंकतंय, आणि हा हनुवटी माझ्या पायावर टाकून नुसती चित्रं बघतोय. चित्रं बघतो तो, खरंच बघतो, एखादं पिल्लू पडद्याबाहेर पळालं की टीव्हीच्या मागे जाऊन शोधून येतो. माझा गळा दाटला वगैरे, आता लपवून काय उपयोग.

पण मग तो निरोप पोचतो कुठे, तर एका धान्याच्या कोठारात, म्हाताऱ्या केसाळ मेंढपाळ कुत्र्याकडे. कर्नल. आणि कर्नलला नीट ऐकूच येत नाही! हे मी साफ विसरलो होतो. लहानपणी तो नुसता विनोदी म्हातारा होता. तो कान टवकारतो, पंधरा ऐकू येतं, ठिपकेवाले ऐकू येतं, मग पिल्लांच्या जागी त्याला डबकी ऐकू येतात, पंधरा ठिपकेवाली डबकी चोरीला गेली, काय फालतूपणा. शेजारी असलेलं टिब्स नावाचं मांजर शांतपणे दुरुस्त करतं, पिल्लं, सर. आणि तेच मांजर पुढे जीव धोक्यात घालून त्या घरात शिरतं. अख्ख्या लंडनच्या तिखट कानांनी पाठवलेली बातमी शेवटी कामाला येते ती एका बहिऱ्याकडे, कारण त्याच्याजवळ कोणीतरी आहे. मी रिवाइंड करून तीनदा बघितलं. बायको म्हणाली, झालं असेल तर जेवायला वाढू का.

"मग आम्हीपण घेऊ का एक?" हा तिसरा प्रश्न, हा मुलं विचारतात आणि आईवडील माझ्याकडे बघतात. पिक्चर बघून घेऊ नका, एवढंच सांगतो. अमेरिकेत १९८५ साली वर्षाला आठेक हजार डालमेशियनची नोंदणी व्हायची, पिक्चर थिएटरात परत परत लागला आणि १९९३ ला आकडा ४२ हजारांवर गेला, मग धाडकन आपटला. आपल्याकडे मोबाईलच्या जाहिरातीतल्या पगचं काय झालं आठवा. या कुत्र्याला मैलोन्‌मैल पळायचं असतं, घोडागाडीबरोबर धावणारी जात ती, वन बीएचकेत कोंडलात तर सोफा खाणार. त्यात युरिक ॲसिडचं लफडं, मूतखडा होतो, कलेजी बंद, पाणी भरपूर. पिक्चरमध्ये यातलं काहीच नाही, असावं अशी अपेक्षाही नाही.

बाकी आमचं छान चाललंय. बोलवायचं तर फरशीवर पाय आपटायचा, त्याला थरथर कळते. शाब्बास म्हणजे अंगठा वर. दिवाळीत सगळ्या सोसायटीची कुत्री पलंगाखाली आणि हा बाल्कनीत, हजाराची माळ लागलेली असताना, चारी पाय वर करून झोपलेला.

आणि खाली गेटपाशी काळी म्हणून एक गावठी कुत्री आहे, ती याची दोस्त. रात्री शेवटच्या फेरीला दोघं वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसतात. नाक्यावरून भुंकणं सुरू होतं, मग चौक, मग मागची गल्ली, ते आमच्या गेटपर्यंत येतं, काळी उभी राहते आणि नाकाने याच्या मानेला एक ढुशी देते. मग हा खडबडून उठतो, छाती काढतो, आणि भलत्याच दिशेला तोंड करून, पार्किंगमधल्या स्कूटरवर जोरजोरात भुंकतो.