पाऊस कुठून येतो?

पणजीच्या फोंताइन्हासमध्ये घर विकायचं असलं की ते आधी गल्लीला कळायचं आणि मग बाकीच्या जगाला. आता उलटं झालंय, असं माझी मावशी म्हणते. ती लग्न होऊन पणजीला गेली आणि शेजारच्या मळा नावाच्या वस्तीत राहते. पाठीमागच्या गल्लीतलं घर विक्रीला असल्याचं तिला मुंबईच्या भाचेसुनेने फोनवर जाहिरात पाठवली तेव्हा समजलं. ती जाहिरात तिने मला पाठवली. शंभर वर्षांहून जुनं, पोर्तुगीज धाटणीचं, संपूर्ण नूतनीकरण केलेलं, राहायला तयार. किंमत विचारल्यावर सांगू. खाली मावशीचा शेरा होता : ‘विचारावी लागते ती किंमत आपली नसते. बघायला येतेस का?’

गेले. घर घ्यायची ऐपत नसलेला माणूस जितक्या निवांतपणे घर बघतो, तितक्या निवांतपणे गिऱ्हाईक कधीच बघत नाही.

आल्तिनोची टेकडी आणि खाली रुआ दे ओरेम या रस्त्याच्या कडेने जाणारी खाडी, या दोहोंच्या चिंचोळ्या पट्टीत ही वस्ती आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे सेकेरा नावाच्या माणसाची माडांची बाग होती. त्याने मोझांबिकमध्ये पैसा केला होता, म्हणून लोक त्याला ‘मोस्मीकार’ म्हणत. पुढे जुनं गोवें रोगराईने ओस पडत गेलं, सरकारी मंडळी पणजीकडे सरकली आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. मग बागेत घरं उठली. लोटली-चांदर या गावांतल्या बड्या वाड्यांसारखी ती ऐसपैस नाहीत. ही कारकुनांची, अंमलदारांची शहरी घरं आहेत, एकमेकांना खेटून उभी. अंगण नाही, कुंपण नाही, दार उघडलं की पाऊल रस्त्यावर. वर लोखंडी कठड्याची अरुंद बाल्कनी, तीही रस्त्यावर झुकलेली. परसू आणि विहीर मागे. पांढरा रंग फक्त चर्चला, घराला नाही, असा जुना दंडक सांगतात. म्हणून एक घर पिवळं, एक निळं, एक विटकरी. त्या रंगांपुढे फोटो काढायला इतकी झुंबड असते, की काही घरांनी ‘फोटो काढू नयेत’ अशा पाट्या लावल्या आहेत. त्या पाट्यांचेही फोटो काढले जातात.

घर दाखवायला एक तरुण पोरगा आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. त्याने दिवे लावले, एसी लावला आणि पाठ केलेलं बोलायला लागला. मावशीने त्याला पहिल्याच खोलीत थांबवलं आणि कोकणीत विचारलं, की बाबा, या घरात पाऊस कुठून आत येतो?

तो म्हणाला, आंटी, कुठूनच नाही, सगळं नवीन केलंय.

मावशी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “म्हणजे याला ठाऊक नाही.”

तिचं बरोबर होतं. जिथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे जुन्या घरात तो कुठून तरी येणारच. कुठून ते माहीत असलं की तिथे घमेलं ठेवता येतं. या घरांच्या भिंती जांभ्याच्या. जांभा पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. वर चुन्याचा गिलावा असला तर भिंतीला तो श्वास घेता येतो, म्हणून पावसाळा सरला की दरवर्षी चुन्याचा रंग द्यायचा, कौलं चाळायची, फुटकी बदलायची. मधल्या पिढीने ही कटकट वाचवण्यासाठी सिमेंट फासलं आणि ओल आतच कोंडली. या घरात आता पुन्हा चुना लावलाय, हे मात्र मनापासून आवडलं. ज्याने कुणी केलं त्याला काम कळत होतं. फक्त जिन्याखालच्या कोपऱ्यात सिमेंट खरवडायचं राहिलंय. तिथे भिंतीला लोणा धरला होता आणि बोट लावलं की पांढरी भुकटी निघत होती. मावशीने ती बोटावर घेऊन पोराला दाखवली. तो म्हणाला, रंगाचं आहे, पुसून घेतो. ‘राहायला तयार’ ही या घरांबाबत फार तर एका मोसमाची गोष्ट असते. असं घर विकत घेतलं तरी पुढे त्याची नोकरीच करावी लागते.

मग खिडक्या आल्या. त्यांच्यापाशी मी बराच वेळ घालवला, पोराचा दुसरा फोन वाजेपर्यंत. लाकडाच्या बारीक पट्ट्या, त्यांना आतून खाच आणि त्या खाचांमध्ये एकामागून एक सरकवलेले, चौकोनी कापलेले चपटे शिंपले. काच महाग होती त्या काळात हा स्वस्तातला उपाय होता. बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं आणि आत येणारा उजेड ताकाच्या निवळीसारखा होता. सावल्या पडत नव्हत्या, डोळे मिटावेसे वाटत नव्हते. जवळून पाहिलं तर प्रत्येक शिंपल्यावर वाढीच्या रेषा दिसत होत्या, एखाद्यावर जुन्या रंगाचा निळा ठिपकाही. पण ठिपका निळा आणि खिडकी हिरवी. खालच्या दोन ओळींतल्या शिंपल्यांचे कोपरे आधी कुठल्या तरी लहान चौकटीसाठी छाटलेले होते.

हा शिंपला झुआरीच्या मुखाशी चिखलीच्या उपसागरात अजून सापडतो, पण वन्यजीव संरक्षण कायद्याने तो काढायला बंदी आहे. मग अशी खिडकी दुरुस्त करायची तर शिंपले आणायचे कुठून? पडलेल्या घरांमधून. मला त्या घरात राहून राहून हेच दिसायला लागलं. न्हाणीतली नक्षीची फरशी दोन वेगवेगळ्या नक्षींची होती, मधोमध सांधलेली. दारं त्या चौकटींपेक्षा बोटभर आखूड होती, खाली पट्टी जोडलेली. एक जुनं घर नीट उभं करायला तीन-चार जुनी घरं पडलेली असावी लागतात, असा हा हिशोब दिसतो. जाहिरातीत पडलेल्यांचा उल्लेख नसतो.

हे घर आधी कोणाचं, ते मावशीला माहीत होतं. पाच भावंडं, एक लिस्बनला, दोघं इंग्लंडात स्विंडनला, एक बहीण मुंबईत आणि धाकटा इथे, चावी सांभाळत. गोव्यात अजूनही १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालतो. लग्न झालं की मालमत्ता सहसा दोघांची, त्यामुळे नुसत्या नवऱ्याच्या सहीने घर विकलं जात नाही. पाच भावंडांच्या दहा सह्या, त्यात एक वारलेला असला की त्याची मुलं आणि मुलांच्या बायका. इतक्या सह्या गोळा होईपर्यंत घर बंद राहतं आणि आंबा छपरातून उगवतो. अखेर सह्या झाल्या, दिल्लीच्या कुणी घेतलं, वर्षभर गवंडी लावले आणि आता नफा घालून विकायला काढलंय.

पुण्यात नेमकं उलटं झालं, असं मला वाटतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जागच्या जागी गोठली. त्या भाड्यात मालक वाडा दुरुस्त करीना, भाडेकरू सोडीना, आणि शेवटी पेठांमधले वाडे बिल्डरकडे गेले. इथल्या कायद्याने घरं कुलपात टिकवली, तिथल्या कायद्याने माणसांसकट पाडली. दोन्ही कायदे भल्यासाठीच होते, हे अगदी मान्य.

तेवढ्यात पोरगा आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला. परसात विहिरीवर जाड काच टाकून आत दिवा सोडला होता. धुण्याच्या दगडाच्या जागी निळा, बसून भिजण्यापुरता हौद होता. त्याच्या कडेने, नव्या पडवीला, चार लाकडी खांब. “मूळ खांब,” तो म्हणाला, “ओरिजिनल, मॅडम.”

ते सुरूचे खांब होते, म्हणजे लाकूड सागाचं, घाट सुरूच्या झाडाचा. खाली फुगीर, वर निमुळते होत गेलेले, माथ्यावर केळफुलाची कोरीव पानं. असे खांब मी शुक्रवार पेठेत लहानपणी रोज बघितलेत, त्यांना धरून गरगर फिरलेय. फोंताइन्हासच्या कारकुनाच्या परसात ते कशाला असतील? जवळ गेले. प्रत्येक खांबाला वरच्या अंगाला दोन बाजूंनी खाच होती, महिरपीची कमान बसवायची. त्या खाचांमध्ये पुट्टी भरून वर पॉलिश मारलं होतं. कमानी आल्याच नव्हत्या. आणि खाली दगडी तळखड्याऐवजी चकचकीत ग्रॅनाइटचा तुकडा.

आमचा वाडा पाडला तेव्हा हिशोबाच्या कागदावर एक ओळ होती, ‘जुने लाकूड, ठोक’. हे खांब आमचे होते असं मी म्हणत नाही. असे खांब पेठेत शेकड्याने होते आणि सागाला आडनाव नसतं. जुन्या लाकडाच्या वखारीत पडून वाळवी खाण्यापेक्षा, किंवा बंबात जाण्यापेक्षा, ते इथे निळ्या हौदाकाठी उभे आहेत हे बरंच झालं. पण मूळ नाहीत, एवढं सांगितल्याशिवाय मला राहवेना. हे इथले नव्हेत, म्हटलं, हे देशावरच्या वाड्यातले, पुण्याकडचे असावेत, या खाचा बघ.

मला वाटलं पोराचा चेहरा पडेल. त्याने खाचेवरून हात फिरवला आणि दोन्ही फोनांतला मोठा काढला.

“म्हणजे पेशव्यांच्या वेळचे, मॅडम? तसं लिहू?”

“लिही की,” मावशी म्हणाली, “आणि जिन्याखालून पाऊस येतो तेही लिही.”