बर्फातलं टेनिस आणि स्कार्सडेलचा लाकडी चौथरा

हिवाळा सुरू झाला की आमच्या न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर भागात टेनिसची कोर्टं ओस पडतात आणि शेजारच्या उंच जाळीच्या पिंजऱ्यांतले दिवे लागतात. आत चौघंजण कानटोप्या घालून, भोकं पाडलेल्या आखूड बॅटींनी स्पंजी रबराचा चेंडू बडवत असतात. खेळ प्लॅटफॉर्म टेनिसचा, इथे सगळे नुसतं ‘पॅडल’ म्हणतात. तिकडे भारतात हा खेळ फारसा कुणाला माहीत नसेल. मला मात्र खेळाइतकंच त्याच्या कोर्टाचं कौतुक आहे, कारण त्याचा एकेक भाग कुठल्या ना कुठल्या अडचणीतून आलाय.

1928 साली न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेलमध्ये जेम्स कॉग्सवेल आणि फेसेंडेन ब्लँचर्ड या दोघांना थंडीतही घराबाहेर खेळता येईल असं काहीतरी हवं होतं. कॉग्सवेल यांची जागा उताराची, खडकाळ. त्यांनी जमीन खणत न बसता वर फळ्यांचा चौथराच ठोकला. बर्फ पडला की फावड्याने लोटायचा आणि खेळायचं! बॅडमिंटन खेळून पाहिलं, पण वाऱ्यात शटलकॉक टिकेना. मग पॅडल टेनिस नावाच्या आधीच्या, वेगळ्या खेळाच्या लाकडी बॅटी आणि चेंडू आले. चेंडू सारखा उतारावरून खाली, बर्फात जायचा, म्हणून भोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी ठोकली.

या जाळीनेच खेळ पालटला. टप्पा पडून जाळीवर आदळलेला चेंडू दुसऱ्या टप्प्याआधी परतवला तरी चालेल, असं ठरलं. त्यामुळे नुसत्या ताकदीच्या फटक्याला किंमत उरली नाही, धीराला आली. आजही बघताना मजा येते ती याचीच: चेंडू गेला असं वाटतं, खेळाडू जाळीकडे वळून शांतपणे थांबतो आणि हळूच उंच उडवून परत देतो.

पुढे चौथरा 60 बाय 30 फुटांचा झाला. त्यावरच्या रेषा 44 बाय 20 फूट, म्हणजे थेट बॅडमिंटनच्या दुहेरीचं माप. ज्या बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम 1870 च्या दशकात आपल्या पुण्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बसवले, तेच हे! हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

1931 मध्ये स्कार्सडेलच्याच फॉक्स मेडो क्लबने हा खेळ घेतला, 1934 मध्ये संघटना झाली. फळ्या ओल्या झाल्या की पाय घसरायचा, म्हणून रंगात वाळू मिसळू लागले. आता फळ्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आहे, पण वरचा थर तसाच खरखरीत. खाली हीटर असतात आणि जाळीच्या तळाशी बिजागरीच्या फळ्या. त्या उघडल्या की बर्फ सरळ बाहेर ढकलता येतो.