बाबांसोबत ओत्रोची वाट

बाबा संगमेश्वरहून मिलानला माझ्याकडे आले, तेव्हाच ठरवलं होतं की त्यांना इटलीतल्याच आलान्याला न्यायचं. आल्प्समधल्या मोंते रोझा या डोंगराच्या पायथ्याशी, साधारण 1190 मीटर उंचीवर वसलेलं हे गाव. 13व्या शतकात आल्प्सच्या पलीकडून, स्वित्झर्लंडच्या व्हाले भागातून आलेल्या वाल्सर लोकांनी इथली रानं साफ करून वस्ती केली. त्यांच्या जुन्या वाड्या ओत्रोच्या दरीत अजून उभ्या आहेत, पण तिथं पायीच जावं लागतं.

खालच्या पाटीवर ओत्रोतल्या फोल्लू या वाडीपर्यंत साधारण सव्वा तास लिहिला होता. इथल्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, चालायचा वेळ असतो, आणि तो सराव असलेल्या माणसाचा. आदल्या रात्री पाऊस झालेला, दगडी पायऱ्या ओल्या. दुसऱ्याच वळणावर बाबांचा पाय घसरला. लागलं नाही, पण माझ्या पोटात गोळा आला. माझी काठी त्यांना दिली आणि मी मागून चालू लागले.

"तू हो पुढं, मी येतो."

"नाही बाबा, तुमच्याच चालीनं जाऊ."

दहा मिनिटं चढ, दोन मिनिटं टेकणं. लाल-पांढरा पट्टा दिसला की वाट बरोबर आहे एवढं पाहायचं. झाडी संपली आणि एकदम हिरवं पठार उघडलं, तेव्हा आम्हाला अडीच तास झाले होते.

फोल्लूतल्या पहिल्याच घरापाशी बाबा थांबले. खाली दगडी जोतं, वर लार्च या सूचीपर्णी झाडाचे ओंडके कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले, छपरावर दगडी फरश्या. घराभोवती लाकडी सज्जा आणि त्याला आडव्या दांड्या. बाबांनी त्या कोपऱ्यावर हात फिरवला, खाचेत बोट घालून पाहिलं.

"ह्या दांड्या गवताला ना?"

गवतालाच, आणि राय नावाच्या धान्यालाही. उन्हाळा तोकडा, पाऊस कधीही येतो, म्हणून कापलेलं पीक छपराच्या वळचणीखाली सुकवायचं. "आपल्यासारखी उडवी रचली तर इथं कुजेल," बाबा म्हणाले. खाली गुरं, तिथंच चुलीची ऊब, वर माणसं, माळ्यावर गवत, म्हणजे बर्फ पडला तरी गुरांना वैरण घालायला बाहेर पडायला नको. मला हे पुस्तकांतून कळलं होतं. त्यांना घर बघून कळलं.

पुढच्या वाडीचं नाव डॉर्फ. जर्मनमध्ये डॉर्फ म्हणजे गाव, आणि आपण उभे इटलीत. वाल्सरांची तिच्चू बोली आता फार थोडे लोक बोलतात, हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते.

उतरताना गुडघ्यांची खरी परीक्षा झाली. बाबा तिरपे, काठी खाली टेकवून, एकेक पायरी उतरले. खाली पोचल्यावर बसची वेळ बघत होते मी, तर ते म्हणाले, "उद्या ते पेदेमोंते वाडीतलं 1628 सालातलं वाल्सरांचं घर उघडं असेल ना? आतली चूल बघायचीय."