कोल्हापूरला जाण्याआधी अकादमीकडून नियम लिहून घेतले, त्याची हकिगत

मुलाच्या फुटबॉल अकादमीकडून कोल्हापूरच्या स्पर्धेचा फॉर्म आला. त्यात जर्सीचा साइज होता, रक्तगट होता, आधार कार्डाची झेरॉक्स मागितली होती आणि पैसे कधीपर्यंत भरायचे ते ठळक अक्षरांत होतं. मुलं रात्री कुठे झोपणार, खोलीत त्यांच्याबरोबर कोण असणार, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. नाशिकमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना कोल्हापूरचं फार अप्रूप असतं. तिथे पेठापेठांत तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवरच्या सामन्याला अख्खं गाव लोटतं. त्यामुळे तो नाचत होता, आणि मला त्याला पाठवायचंच होतं. फक्त कुठे आणि कोणाबरोबर, ते कळल्याशिवाय नाही.

फोन केला तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, सर आहेतच ना सोबत.’ ग्रुपवर विचारलं तर एका ओळखीच्या काकांनी लिहिलं, ‘मुलगेच तर आहेत, मुली असत्या तर गोष्ट वेगळी.’ हे वाक्य मी नाशिकमध्ये इतक्या चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की त्याबद्दल नीट बोललंच पाहिजे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला होता. लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगणारी मुलं निम्म्याहून जास्त निघाली, ५३.२२ टक्के. आणि त्यांच्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होतं, ५२.९४ टक्के. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदाही मुलगा-मुलगी असा फरक करत नाही. १८ वर्षांखालचं कोणीही त्यात बालक आहे.

मग मी कायदा वाचायला बसले. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना घडल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळांसाठी आदेश काढला: सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेकडे बघणारी सखी सावित्री समिती. मुलाच्या शाळेकडून तशी सूचना आमच्यापर्यंत आलीही होती. पण शाळा सुटल्यावर तोच मुलगा मैदानावर जातो, तिथे रोज संध्याकाळी मोठ्या माणसांच्या ताब्यात असतो, त्यांच्या गाडीवर बसतो, त्यांच्याबरोबर परगावी जातो, आणि तिथे काहीच लागू नाही, असं सगळे धरून चालले होते. तसं नाही. पॉक्सोचे २०२० चे नियम शाळा आणि पाळणाघरांबरोबर क्रीडा अकादमींचंही नाव घेऊन सांगतात: मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो की कंत्राटी, पोलिस पडताळणी ठराविक काळाने झालीच पाहिजे. त्या पानाची मी प्रिंट काढली. पुढच्या सगळ्या बोलण्यात ती फार कामाला आली, कारण मागणी माझी राहिली नाही, ती नियमातलीच झाली.

पालकांमध्ये एक वकीलताई आहेत. त्यांनी सांगितलं, ग्रुपवर वाद घालू नका, पत्र द्या. आणि पत्रात कोणावर आरोप नको, फक्त काय हवंय ते लिहा. तसं पत्र तयार केलं. अवघड गेलं ते सह्या गोळा करणं. नाही म्हणणाऱ्या बहुतेक पालकांना मुद्दा पटलेला होता. ‘वहिनी, तुमचं बरोबर आहे हो, पण पोराला बेंचवर बसवतील.’ एका आईने तर सही केली आणि संध्याकाळी फोन करून खोडायला सांगितली. तिचा मुलगा निवड चाचणीच्या उंबरठ्यावर होता. मला तिचा राग आला नाही. पण रात्री हाच विचार डोक्यात घोळत राहिला की जिथे चाळिशीतले आईबाप प्रशिक्षकाच्या नाराजीला इतकं घाबरतात, तिथे अकरा वर्षांचं पोर काय बोलणार? संघात कोण खेळणार हे ठरवणारा माणूस त्या वयात देवापेक्षा मोठा असतो. त्याने केलेलं काहीही चुकीचं असू शकतं, हेच मुलाला सुचत नाही. आणि सुचलं तरी बोलल्यावर आपला खेळ जाईल ही भीती असतेच.

बैठक मैदानाच्या कडेला, सराव संपल्यावर झाली. अकादमी चालवणाऱ्यांनी पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘एवढी वर्षं मुलं घडवतोय आम्ही, आणि तुम्ही संशय घेताय?’ मला त्यांचं दुःख समजत होतं. मी एवढंच म्हणाले की आमचा संशय कोणावरच नाही. तुमच्या जागी उद्या दुसरं कोणी येईल, नवा असिस्टंट येईल, तेव्हाही मुलं तेवढीच सुरक्षित राहावीत म्हणून हे लिहून हवंय.

मग मी इंग्लंडची गोष्ट सांगितली. बॅरी बेनेल नावाचा प्रशिक्षक लहान मुलांतले गुणी खेळाडू हेरण्यासाठी नावाजलेला होता. आईबाप विश्वासाने मुलांना त्याच्या घरी मुक्कामाला पाठवत. नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूने स्वतःचं नाव सांगून, लहानपणी बेनेलने आपल्यावर लैंगिक अत्याचार केले हे जाहीर केलं, आणि मग एकामागून एक माणसं पुढे आली. २०१८ मध्ये बेनेलला ३१ वर्षांची शिक्षा झाली. क्लाइव्ह शेल्डन यांचा चौकशी अहवाल मार्च २०२१ मध्ये आला. १९७० ते २००५ या काळातल्या इंग्लिश फुटबॉलमधले किमान ६९२ पीडित आणि २४० संशयित त्यात मोजलेत. आपल्याकडेही २०२२ मध्ये युरोप दौऱ्यावर गेलेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून काढावं लागलं होतं.

कोणी काही बोलेना. तेव्हा मोठ्या मुलांना शिकवणारे सर उठले. ते म्हणाले, ‘मला हे नियम हवेत. आज एखादं पोर रडत एकटं माझ्याकडे आलं तर मी काय करायचं, हे मला कोणी सांगितलेलं नाही. उद्या माझ्यावर कोणी खोटं बोट ठेवलं तर माझ्या बाजूनेही काही नाही.’ बैठकीचं वारं तिथे फिरलं. त्या सरांचे उपकार मी विसरणार नाही.

नियम आम्ही बसून मराठीत लिहिले, मुलांना वाचता येतील असे. कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद जागेत थांबणार नाही. बोलायचं तर मैदानाच्या कडेला, चारचौघांना दिसेल असं. मुक्कामाला मोठ्यांच्या आणि मुलांच्या खोल्या वेगळ्या, मुलांनी प्रशिक्षकांच्या खोलीत जायचं नाही, रात्री खोली तपासायला दोघांनी मिळून जायचं आणि दार उघडं ठेवायचं. मुलाला परस्पर मेसेज नाही, जे काही असेल ते पालकांच्या ग्रुपवर. पाय मुरगळला, स्प्रे मारायचा, पट्टी बांधायची, तर दुसरं कोणी हजर असताना आणि मुलाला विचारून. कपडे बदलायच्या जागी फोन बंद, आणि हे पालकांनाही लागू.

सगळ्यात जास्त वाद दुचाकीवरून झाला. पाथर्डी फाटा, सातपूर, सिडकोकडून येणाऱ्या कितीतरी मुलांना सर जाता जाता गाडीवर सोडतात. ते मदतीच्या भावनेनेच करतात आणि आईबापांची मोठी सोय होते. शेवटी असं ठरलं की सोडायचंच असेल तर पालकांनी त्या दिवशी ग्रुपवर लिहून सांगायचं, आणि पोचल्यावर पालकांनीच कळवायचं. मला हे पुरेसं वाटत नाही. पण दोघांच्या नोकऱ्या असलेल्या घरांना त्याहून जास्त सांगता आलं नाही.

मारण्याबद्दलही बोलणं झालं. उशीर झाला की कानशिलात किंवा उन्हात फेऱ्या, हे ‘शिस्त’ म्हणून चालत आलेलं. काही वडीलच म्हणाले, आम्हीही मार खाऊनच शिकलो. वकीलताईंनी बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ वाचून दाखवलं: मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण केली, मुद्दाम शारीरिक किंवा मानसिक त्रास होईल असं वागवलं, तर तो गुन्हा आहे. त्यानंतर ‘मुलांना मारायचं नाही’ या नियमाला कोणी विरोध केला नाही.

चारित्र्य पडताळणीचं काम मात्र वाटलं होतं त्यापेक्षा सरळ निघालं. ऑनलाइन अर्ज, फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, अकादमीचं पत्र, फी, आणि मग ज्याच्या त्याच्या पोलिस ठाण्यातून बोलावणं. जे भाड्याच्या खोलीत राहतात त्यांना पत्त्याच्या पुराव्यासाठी धावपळ करावी लागली. पण या कागदाने निर्धास्त होऊ नये. तो फक्त आधी नोंदलेला गुन्हा दाखवतो. ज्याच्याविरुद्ध कधी कोणी तोंडच उघडलं नाही, त्याचा कागद कोराच येतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते की पडताळणी हवीच, पण दोन मोठी माणसं आणि उघडं दार हा नियम तिच्याहून महत्त्वाचा आहे.

शेवटचं कलम तक्रारीचं. मुलांनी कोणाला सांगायचं, त्या ताईंचं नाव आणि फोन किटच्या शेडजवळ लावला. त्या पालकांपैकी आहेत, अकादमीच्या नात्यागोत्यातल्या नाहीत. खाली मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२. आणि ठळक अक्षरांत हेही, की लैंगिक गुन्ह्याची माहिती किंवा शंका आली तर अकादमीने आधी आपली चौकशी करत बसायचं नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. पोलिसांत गेलं तर पोराचे हाल होतील, ही आईबापांची मोठी धास्ती असते. त्यांना मी सांगते: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात, पोलिसाने गणवेशात यायचं नसतं, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

घरी मुलाशी बोलणं राहिलं होतं. मी त्याला नियमांचा कागद दिला आणि म्हटलं, हे सरांसाठी आहेत, पाळले जातात की नाही ते तू बघायचंस. ‘कोणाला सांगू नकोस’ असं कोणी मोठं माणूस म्हणालं की लगेच मला सांगायचं. आणि तू मला काही सांगितलंस तर मी गुपित ठेवीन असं वचन मी देणार नाही, पण तुला रागावणार नाही आणि तुझा खेळ बंद करणार नाही. शेवटचं ऐकून त्याने वर पाहिलं. त्याला तेवढंच हवं होतं बहुतेक.

कोल्हापुरात नियमांची गरज पडली, पण आम्ही जिकडे बघत होतो तिकडे नाही. पंधरा वर्षांखालच्या संघातल्या दोघांनी आमच्यातल्या सगळ्यात लहान पोराला बाथरूममध्ये कोंडलं, बाहेरून दिवा बंद केला आणि तो रडायला लागल्यावर ‘दादांना सॉरी म्हण’ म्हणत बसले. आधी कधी असं झालं असतं तर ‘पोरांची मस्ती’ म्हणून संपलं असतं. या वेळी त्याच्या खोलीतल्या मुलाने तक्रारीसाठी ठरवलेल्या ताईंना जाऊन सांगितलं. ताईंनी त्याच रात्री लहान मुलाच्या आईला फोन केला आणि त्यांचं माय-लेकरांचं बोलणं करून दिलं. वहीत नोंद झाली. मोठ्या मुलांना चारचौघांत झापलं नाही, त्यांच्या आईबापांना बोलावून घेतलं, आणि पुढच्या सामन्याला ते बाहेर बसले. अकादमीच्या चांगल्या खेळाडूंपैकी ते दोघे. संघ हरला आणि त्यावरून कोणी कुरकूर केली नाही, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. आता लहान-मोठ्यांच्या खोल्या वयाप्रमाणे वेगळ्या, हाही नियम यादीत आला आहे.

राहिलंय ते व्हॅनचं. मैदानावर मुलांना आणणारे व्हॅनवाले काका अकादमीचे नोकर नाहीत, पालकांनी आपापसात ठरवलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या पडताळणीचा अर्ज कोणी द्यायचा यावर अजून एकमत नाही. वकीलताईंनी पालकांच्या नावाने पत्राचा मसुदा केला आहे. सह्या या आठवड्यात घ्यायच्या आहेत, आणि या वेळी ती सही खोडणारी आई स्वतःच कागद घेऊन फिरते आहे.