सोलापूरचा हापसा, लिराचं पाणी

हापसा दिसायच्या आधी ऐकू आला. दांडा खाली जाताना कुईंऽऽ, वर येताना खट्ट. डोळे मिटले असते तर बार्शीजवळच्या आमच्या गावात पारापाशी उभा आहे असंच वाटलं असतं. समोर मात्र शियाचं झाड, लाल माती आणि पिवळ्या जेरीकॅनची लांबलचक रांग.

कंपालाहून उत्तर युगांडातल्या लिराकडे जाताना करुमाला नाईल ओलांडावी लागते. पुलाखाली पाणी नुसतं फेसाळत धावतं. तिथून दीडेक तास पुढे गेलं की बायका वीस लिटरचा कॅन डोक्यावर घेऊन चालताना दिसतात. खाली कापडाची चुंबळ, हुबेहूब आपल्यासारखी.

ऑफिसातल्या सहकाऱ्याचं हे गाव. 'चल, आमचं बोअरहोल दाखवतो,' म्हणाला. इकडे हापशाला बोअरहोलच म्हणतात. सरकारदरबारी त्याचं नाव 'यू टू', पण मूळचा तो आपला इंडिया मार्क टू. जुने बिडाचे पंप अख्ख्या गावाच्या वापराने मोडून पडायचे, म्हणून जालना-सोलापूरकडे पोलादी पंप करून पाहिले गेले. पुढे १९७० च्या दशकात सोलापूर पंपावरूनच भारत सरकार आणि युनिसेफने मार्क टू घडवला. हे मी जरा छाती फुगवूनच सांगितलं. सहकाऱ्याने लांगो भाषेत समजावलं. रांगेतल्या एका आजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'मग बरं झालं आलास. सकाळपासून पाणी कमी येतंय, बघ जरा.'

मी अकाउंटंट!

नशिबाने मिस्त्री सायकलवर पान्हे बांधून आला. मार्क टूचं साधं वॉशर बदलायचं तरी सगळे पाइप वर काढावे लागतात. तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप, एकेक उपसताना सहा-सात माणसं घामाघूम. मीही हात लावला, बहुधा अडचणच केली. आठव्या पाइपला गंजून भोक पडलं होतं. इथलं भूजल किंचित आम्लधर्मी, त्यात जस्ताचा मुलामा टिकत नाही. सकाळचा पहिला कॅन तांबूस येतो आणि त्या पाण्याचा चहा काळा पडतो, असं बायका सांगत होत्या.

माझं लक्ष हापशाचा हिशेब ठेवणाऱ्या खजिनदारबाईंच्या वहीकडे. शाळेची दोनशे पानी वही, दर घरामागे महिन्याला हजार शिलिंग, थकबाकीदारांच्या नावाखाली लाल रेघ. बेरीज मी दोनदा तपासली. चूक सापडली नाही, नव्या पाइपापुरते पैसेही सापडले नाहीत. थोडे मी देऊ का, असं विचारलं, तर बाई म्हणाल्या, पाहुण्याचं नाव कुठल्या रकान्यात लिहू?

मग मिस्त्रीने गंजका पाइप वगळून बाकीचे पुन्हा सोडले. पाइपांच्या टोकाचा, पाणी उपसणारा सिलिंडर तीन मीटर वर आला. फेब्रुवारीत पाणी खाली गेलं की काय, असं मी विचारलं. 'तोवर बाजरी विकली जाईल,' मिस्त्री म्हणाला.

निघताना आजीने विचारलं, 'तुमच्या गावातला असाच आहे का अजून?'

आहे म्हणालो. खोटं नाही. दांडा गेलाय, पण म्हशीचं दावं बांधायला हापसा अजून भक्कम आहे.